बोट लागणे

मराठीत अंदमानविषयी लिहिणाऱ्यांची उणीव नाही. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, सहलीहून परतलेल्या हौशी लेखकांच्या छोट्या पुस्तकांत हा विषय पुन्हा पुन्हा येत असतो. हे लेखन आम्ही गेली काही वर्षे आवडीने आणि थोड्या चिकित्सेनेही वाचत आलो आहोत. त्यातून एक गोष्ट ठळकपणे जाणवली. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत पहिल्या परिच्छेदात विमान सुटते, दुसऱ्या परिच्छेदात ते उतरते आणि तिसऱ्यात लेखक सेल्युलर जेलच्या दारात उभा असतो. मधला समुद्र कोठे गेला, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, संपादकाला पडत नाही आणि वाचकालाही पडत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा गाळलेला समुद्र आहे. बेटावर माणूस कसा पोचतो यावर ते बेट त्याला कसे दिसते हे अवलंबून असते, आणि म्हणून तो त्याविषयी काय लिहितो हेही अवलंबून असते, असे आमचे म्हणणे आहे. विमान वाईट आणि बोट चांगली, असा सोपा निवाडा आम्हाला करायचा नाही. तसा निवाडा का चुकीचा ठरेल, हेही पुढे सांगू. मात्र पोचण्याचे साधन ही प्रवासलेखनातली तपशिलाची बाब नसून आशयाची बाब आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून मराठी लेखनाने स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे, हे आग्रहाने मांडायचे आहे.

आधी अंतराचा विचार करू. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर (२०२४ मध्ये या शहराचे नाव श्री विजयपुरम असे झाले) समुद्रमार्गे सुमारे ११९० किलोमीटर आहे. कोलकात्यापासून सुमारे १२५५ किलोमीटर. जहाजाला साधारण अडीच ते तीन दिवस लागतात, विमानाला दोन-अडीच तास. मुंबई-पुण्याचा प्रवासी पहाटे घर सोडतो, वाटेत बहुधा चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलतो आणि दुपारपर्यंत बेटावर असतो. खिडकीतून त्याला आधी ढग दिसतात, मग निळे पाणी आणि मग एकाएकी गर्द हिरवी जमीन. आपण किती दूर आलो, याची पहिली जाणीव त्याला संध्याकाळी होते. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर बेतली आहे, त्याच्या दहा अंश पूर्वेला हे शहर आहे. मुंबईच्या मानाने तेथे सूर्य तास-दीड तास आधी मावळतो. हिवाळ्यात तर पाच-सव्वापाचलाच दिवस संपतो. जवळजवळ प्रत्येक लेखक ही गोष्ट गंमत म्हणून नोंदवतो. जहाजाने जाणाऱ्याला ती गंमत वाटत नाही, कारण दर दिवशी संध्याकाळ थोडी थोडी लवकर येत चाललेली त्याने डेकवर उभे राहून पाहिलेली असते. विमानाच्या प्रवाशाला अंतर घड्याळ सांगते, जहाजाच्या प्रवाशाला ते अंगवळणी पडत आलेले असते.

हा फरक केवळ भावनेचा नाही, भूगोलाचाही आहे. भिंतीवरच्या नकाशात ही बेटे आपल्याला उजव्या कडेला ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसतात, जणू मुख्य मजकुराला जोडलेली तळटीप. प्रत्यक्षात म्यानमारची कोको बेटे उत्तर अंदमानच्या अगदी जवळ आहेत आणि निकोबारच्या दक्षिण टोकापासून सुमात्रा सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. म्हणजे ही बेटे आपल्या देशाचा कोपरा आहेत, त्याचप्रमाणे एका वेगळ्या समुद्रसृष्टीचा मध्यही आहेत. एका विमानतळावरून उडून दुसऱ्या विमानतळावर उतरणारा माणूस त्या कोपऱ्यात पोचतो. त्या मध्यात त्याचा प्रवेश होत नाही.

आता भाषेकडे येऊ. 'बोट लागते' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते, म्हणजे पोचते. आणि बोट माणसाला लागते, म्हणजे त्याचे डोके गरगरते, पोटात ढवळते, अन्न नकोसे होते. मुंबईहून कोकणच्या बंदरांकडे आगबोटीने जाणाऱ्या पिढ्यांना हे दोन्ही अर्थ अनुभवाने ठाऊक होते. भाऊच्या धक्क्यावर चढताना आले-लिंबू जवळ बाळगणाऱ्या बायकांना ते कोणी शिकवावे लागले नव्हते. विमानाला मात्र हे क्रियापद फारसे चिकटले नाही. विमान 'उतरते', 'लँड होते'; ते धक्क्यालाही लागत नाही आणि माणसालाही बेताचेच लागते. भाषेने येथे एक शहाणपण साठवून ठेवले आहे, असे आम्हाला वाटते. जे साधन आपल्याला काही त्रास देते, त्याच्याविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे काही उरते. ज्या साधनात आपण केवळ थांबून असतो, त्याच्याविषयी लिहिताना दोन वाक्यांत विषय संपतो.

दुसरा शब्द 'काळे पाणी'. अंदमानवरील प्रत्येक मराठी लेखात तो येतो आणि बहुधा तुरुंगाचा पर्यायशब्द म्हणून येतो. वास्तविक तो तुरुंगाचा शब्द नाही, पाण्याचा आहे. समुद्रोल्लंघनाने माणूस भ्रष्ट होतो, जातीतून उठतो, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. या समजुतीचे सामर्थ्य एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने पुरेपूर अनुभवले होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना आपण का जात आहोत याचा जाहीर खुलासा करावा लागला होता. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. कोळ्याला, खारव्याला, गलबतावरच्या तांडेलाला पाणी कधीच काळे नव्हते. ते त्याचे शेत होते आणि रस्ताही होता. पाण्याला काळे रंगवले ते किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या आणि पोथीच्या आधाराने जगणाऱ्या वर्गाने. 'काळे पाणी' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा समुद्राकडे कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, हे साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःला विचारायला हवे.

इंग्रज सरकारने या भयाचा उपयोग करून घेतला. १८५७ च्या उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैद्यांची पहिली तुकडी घेऊन अंदमानात उतरला. त्या शिक्षेचे इंग्रजी कायद्यातले नाव होते 'ट्रान्सपोर्टेशन'. म्हणजे वाहून नेणे. शिक्षेचे नाव कोठडीवरून, बेडीवरून किंवा कष्टावरून पडलेले नाही. ते प्रवासावरून पडलेले आहे. कैद्याला शिक्षा भोगण्यासाठी नेत होते असे म्हणण्यापेक्षा, नेणे हीच शिक्षा होती असे म्हणावे लागते. ज्याचे नाव घेतल्याशिवाय अंदमानचा विचार पुरा होत नाही ते सेल्युलर जेल तर पुष्कळ नंतरचे, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेले. त्यापूर्वीची जवळजवळ चाळीस वर्षे समुद्र हीच तुरुंगाची मुख्य भिंत होती.

मराठीत या वाहून नेण्याचे सर्वांत महत्त्वाचे गद्य विनायक दामोदर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये आहे. ते पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या इंग्रजी अनुवादाच्या नावात तो 'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द जसाच्या तसा आला. सावरकरांच्या राजकारणाविषयी मराठी वाचकांत टोकाचे मतभेद आहेत. तो वाद येथे आणण्याचे प्रयोजन नाही; आम्ही केवळ एका गद्यलेखकाच्या पुस्तकाविषयी बोलत आहोत. १९११ च्या जूनअखेरीस त्यांना मद्रासहून 'महाराजा' या जहाजावर चढवण्यात आले आणि ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात पोचले. पावसाळ्याचे दिवस होते. जहाजाच्या तळाशी, पिंजऱ्यात दाटीवाटीने भरलेल्या कैद्यांबरोबर हा प्रवास झाला. आज विमान जे अंतर दोन-अडीच तासांत तोडते, त्याला त्या वेळी सुमारे आठवडा लागला.

या पुस्तकाची मराठी मनावर उमटलेली प्रतिमा मात्र कोलूची आहे, कोठडीची आहे, भिंतीवर कोरलेल्या कवितांची आहे. वर्गातही पुस्तकाची ओळख बहुधा तेथूनच होते. जहाजाची पाने वाचली जातात, पण ती 'आधीची पाने' म्हणून. आमचे मत असे की ती प्रस्तावना नव्हेत. किनारा दृष्टीआड होणे, नाव-गाव-जात यांनी ओळखला जाणारा माणूस एका क्रमांकात मिटत जाणे, आपण परत येऊ की नाही या प्रश्नाला उत्तर नसणे, हे सारे कोठडीच्या आधी, पाण्यावरच घडून गेलेले असते. कोठडी त्यावर कुलूप लावते, इतकेच. पुढे सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक आहे. ज्याला बेडी घालून समुद्रापार नेले, त्यानेच समुद्र ओलांडण्याच्या बंदीला बेडी म्हटले. ही विसंगती नव्हे. समुद्राचे दोन्ही अर्थ भोगलेल्या माणसाचे ते अनुमान आहे. जहाजाची पाने गाळली तर त्यातला ताण कळत नाही.

हेच इतर भाषांतल्या कैद्यांच्या लेखनातही आढळते. १८६६ मध्ये अंदमानात पोचलेल्या जाफर थानेसरींनी सुटकेनंतर उर्दूत आपल्या हद्दपारीची हकीकत लिहिली. उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय आणि बारींद्रकुमार घोष यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी आपापल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. मराठी, बांगला आणि उर्दू या तीन भाषांतल्या या पुस्तकांना एकत्र बांधणारा धागा शोधायचा तर तो विचारसरणीत सापडणार नाही. त्यांना एकाच समुद्राने तेथे पोचवले होते, हा तो धागा आहे. तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगला विषय क्वचितच मिळेल.

आता एक गोष्ट पाहा. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला २००२ मध्ये सावरकरांचे नाव देण्यात आले आणि २०२३ च्या जुलैमध्ये तेथील नव्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. नाव देण्यामागची भावना आम्हाला कळते. पण त्यातून एक अनपेक्षित परिणाम झाला आहे. समुद्रमार्गाने नेल्या गेलेल्या लेखकाच्या नावाच्या विमानतळावर त्याचा वाचक उतरतो आणि त्या लेखकाने जे ओलांडले ते न ओलांडताच त्याच्या कोठडीपुढे हात जोडतो. कोठडी अस्सल आहे, भावनाही खरी आहे. मात्र ज्या अंतरामुळे त्या कोठडीला अर्थ आला ते अंतर मध्ये नाही. त्यामुळे सेल्युलर जेल हे एखाद्या शहरातल्या इतर स्मारकांसारखे स्मारक होते. मूळच्या सात पाख्यांपैकी तीन उरले आहेत, सायंकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, तिकीट काढावे लागते. यात कोणाचा दोष नाही. पण लेखकाचे काम स्मारकात हरवलेला अर्थ परत आणण्याचे असते, आणि तो आणायचा तर आपण कसे आलो आणि ते कसे आले, या दोन वाक्यांमधले अंतर त्याने मांडायला हवे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. तीन दिवसांच्या जहाजप्रवासाचे गोडवे गाणे ही सुट्टी आणि पैसा हाताशी असलेल्यांची चैन आहे. कैद्याने तो प्रवास निवडला नव्हता. बेटावर राहणारा माणूसही तो हौसेने निवडत नाही. लेक आजारी पडली आणि मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात न्यावी लागली, तर त्याला क्षितिजावरचा सूर्यास्त नको असतो, विमानातली जागा हवी असते. चक्रीवादळाचा इशारा आला की जहाजे थांबतात; पावसाळ्यात आतल्या बेटांकडे जाणाऱ्या फेऱ्या रद्द होतात आणि भाजीचे भाव चढतात. समुद्र जीवही घेतो. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक माणसे बुडाली. मुंबईकरांना तर हे वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांतून ती माणसे गेली, त्या घरांत बोटीच्या प्रवासाविषयी काव्य कोणी केले नसेल.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आमचे म्हणणे 'बोटीने जा' असे नाही. 'कसे गेलात ते लिहा, आणि त्या वाटेने आणखी कोण जात होते ते पाहा' असे आहे. विमानाने जाणाऱ्या लेखकालाही हे करता येते. विमानाच्या रांगेत त्याच्या पुढे उभा असलेला माणूस सहलीला निघालेला नसेल. तो चेन्नईच्या रुग्णालयातून घरी परतणारा बेटवासी असू शकतो. त्याच्याविषयी एक परिच्छेद लिहिला, तर विमानप्रवासही प्रवास होतो.

तरीही बेटांच्या आत हिंडणाऱ्या बोटींची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक आणि नील या बेटांकडे (२०१८ च्या अखेरीस त्यांची नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली) जाण्याचे दोन मार्ग आहेत. खासगी जलद बोट वातानुकूलित असते, काचा बंद असतात, प्रवासी विमानासारखे ओळीने बसतात आणि सुमारे दीड तासात पोचतात. सरकारी फेरीबोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते, अडीच तास घेते, आणि तिच्यावर भाजीच्या टोपल्या, सुट्टीला गावी निघालेले विद्यार्थी, सिमेंटची पोती, लग्नाचे आमंत्रण घेऊन निघालेले नातेवाईक असे सगळे काही असते. पहिल्या बोटीतून हॅवलॉक दिसते ते पांढऱ्या वाळूचे पर्यटनस्थळ म्हणून. दुसरीतून दिसते ते बंगाली निर्वासितांनी वसवलेले शेतकरी गाव म्हणून. दोन्ही खरी आहेत. पण दुसरे मराठी लेखनात फारसे आलेले नाही.

त्या फेरीबोटीवर जी माणसे भेटतात त्यांचे पूर्वजही समुद्रानेच येथे आणलेले आहेत. १९१८ पासून छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आणलेले मजूर, ज्यांना तेथे अजूनही 'रांचीवाले' म्हणतात. १९२१ च्या उठावानंतर पाठवलेले मोपला. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आलेले आणि मायाबंदरजवळ वसलेले करेन. १९४९ पासून पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे. यांतल्या प्रत्येक समाजाच्या आठवणींचा आरंभ एका जहाजाने होतो. प्रशांत महासागरातील लेखक एपेली हाउओफा यांनी १९९३ च्या सुमारास एका निबंधात असा विचार मांडला होता की बेटे म्हणजे दूरच्या समुद्रातले तुकडे नव्हेत, समुद्र आणि बेटे मिळून एकच घर होते; तुकडे पाहणारी दृष्टी बाहेरच्यांची आहे. हा विचार ओशनियातला आहे आणि तो अंदमानला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण येथील बहुतेक रहिवासी आणले गेलेले आहेत. तरी फेरीबोटीवर दोन तास घालवले तर त्याचा अर्थ उमजतो. तेथील माणसांना मधले पाणी अडथळा वाटत नाही. ते त्यांच्या घराचे अंगण आहे, कधी दयाळू, कधी लहरी.

या सगळ्याचा मराठीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. १९६९ पासून पुढे सुमारे दहा वर्षे केंद्र सरकारने ग्रेट निकोबार या सर्वांत दक्षिणेकडच्या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसवली. तीनशेहून अधिक कुटुंबे होती. बरीचशी पंजाबची, आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्राचीही. कॅम्पबेल बेच्या परिसरात जंगल तोडून, गोविंदनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, जोगिंदरनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावे उभी राहिली. पोर्ट ब्लेअरपासून हे ठिकाण पाचशेहून अधिक किलोमीटर आहे. वाटेतली बेटे घेत जाणाऱ्या जहाजाला दोन दिवसही लागतात. हेलिकॉप्टरची मोजकी आसने सोडली तर सामान्य माणसाला तेथे जाण्याचा मार्ग म्हणजे जहाज.

म्हणजे मराठी बोलणारी माणसे स्वतंत्र भारतात, स्वतःच्या इच्छेने, देशातल्या सर्वांत लांबच्या बेटावर गेली, तेथे नारळ-सुपारी लावली, मुले वाढवली. २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची घरे-बागा नेल्या, तरी त्यांतली पुष्कळ तेथे राहिली. 'काळे पाणी' या शब्दाचा अर्थ बदलून टाकणारी ही घटना आहे. तिचे मराठी साहित्यात काय उमटले? आमच्या वाचनात तरी या स्थलांतराची कादंबरी नाही, आत्मकथन नाही, धड प्रवासवर्णनही नाही. कारण उघड आहे. आपले प्रवासलेखन विमान जेथे उतरते तेथे सुरू होते आणि तेथेच संपते. कॅम्पबेल बेला आपल्या सहलीचे विमान उतरत नाही, म्हणून कॅम्पबेल बे मराठीत नाही.

आता तेथेही विमान उतरण्याची चिन्हे आहेत. ग्रेट निकोबारवर मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यावर पर्यावरणाच्या आणि शोंपेन व निकोबारी लोकांच्या हक्कांच्या दृष्टीने गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. गॅलाथिया उपसागराचा किनारा चामडीपाठी समुद्रकासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहे. या वादात आमची सहानुभूती आक्षेप घेणाऱ्यांकडे आहे. पण साहित्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट घडते आहे. विमानतळासाठीच्या भूसंपादनाच्या चर्चेत गांधीनगर, शास्त्रीनगर ही नावे येऊ लागली आहेत. म्हणजे जहाजाने येऊन ज्यांनी ती गावे वसवली, त्यांच्याच जमिनीचा प्रश्न विमानाच्या येण्याने उभा राहिला आहे. पहिल्या पिढीतले जे उरले आहेत ते आता अतिवृद्ध आहेत. महाराष्ट्रातला आपला गाव सोडून, आधी आगगाडी, मग जहाज, मग आणखी एक जहाज, असे ते कसे पोचले. डेकवर काय शिजवले, कोणाला बोट लागली, पहिल्या रात्री कोठे झोपले, हे विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत. विमान उतरू लागल्यावर ही हकीकत कोणाला महत्त्वाची वाटणार नाही, कारण पोचणे ही सांगण्यासारखी गोष्टच उरणार नाही.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. आतापर्यंत आम्ही बेटावर कसे पोचावे याविषयी बोललो. पण काही बेटांवर पोचूच नये, हेही या विषयाचे एक अंग आहे. उत्तर सेंटिनेल बेटावरचे लोक बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण मच्छिमारांना पैसे देऊन बेकायदा तेथे गेला आणि मारला गेला. त्या घटनेवर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात 'रानटी', 'अश्मयुगीन' असे शब्द सहज वापरले गेले. वास्तविक त्या लोकांनी आपले म्हणणे वर्षानुवर्षे, कसलीही संदिग्धता न ठेवता सांगितले आहे. जारवांच्या बाबतीत तर समुद्र नव्हे, रस्ता आड आला. त्यांच्या राखीव प्रदेशातून अंदमान ट्रंक रोड गेला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातील वाहतूक बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहनांचे ताफे पुढेही जात राहिले. बाराटांगला समुद्रमार्गे जाण्याचा पर्याय असताना रस्त्याने जाणारा प्रवासी आपण कोणाच्या घरातून जात आहोत हे विसरतो, आणि लेखक होऊन परत आला की 'जारवा दिसले' असे लिहितो. येथे बोट की मोटार हा सोयीचा प्रश्न राहत नाही, नीतीचा होतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर लेखनात दिसते, लेखकाने ते लपवले तरीही.

तेव्हा आमची सूचना तीन प्रकारची आहे. अध्यापकांनी 'माझी जन्मठेप' शिकवताना जहाजाची पाने आधी आणि सावकाश वाचावीत. कोलू नंतर येऊ द्यावा. विद्यार्थ्यांना प्रवासवर्णनाचे परीक्षण करायला सांगताना एक प्रश्न अवश्य घालावा: लेखक तेथे कसा पोचला, आणि त्या वाटेवरचे कोण कोण लेखनातून गळले आहे? गळलेल्यांची यादी केली की पुस्तकाची बाजू कळते. आणि ज्यांना लिहायचे आहे, ज्यांना दोन आठवडे काढणे शक्य आहे, त्यांनी पोर्ट ब्लेअरच्या पुढचे जहाज पकडावे. त्यांच्याजवळ वही असावी, थोडे आले-लिंबू असावे आणि प्रश्न विचारण्याइतकी मराठी असावी. कॅम्पबेल बेला ती समजणारी माणसे आहेत, आणि त्यांना विचारायला आपल्यापैकी फारसे कोणी अजून गेलेले नाही.